स्पिटफायरवरचा अखेरचा हात : तार, लाल ठिगळे, धूर आणि मॅट वॉर्निश

कागदीविमान (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०.४०

स्पिटफायर मार्क १ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ स्केलचे मॉडेल गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. बांधणी झाली, वरच्या अंगाला डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीनचे पट्टे झाले, पोटाला स्काय (फिकट हिरवट) रंग लागला, त्यावर ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निशचे दोन हात झाले आणि काल रात्री शेवटचे डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) बसले. कॅनपीवरचा (वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवरचा) मास्किंग टेप अजून काढलेला नाही. चाकांचे पाय, प्रोपेलर, पिटो नळी (वेगमापकाची पंखाखालची नळी) आणि अँटेनाचा खांब हे सारे वेगळे रंगवून एका डबीत ठेवले आहे.

माझी मॉडेल्स बिघडतात ती नेमकी इथून पुढे. मागच्या हरिकेनचे (त्याच काळातल्या दुसऱ्या लढाऊ विमानाचे) सगळे काम मनासारखे झाले होते. अखेरच्या दिवशी कॅनपी सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी पाहतो तर काचेच्या आतल्या बाजूला पांढुरके धुके जमलेले. आतली आसनपट्टी, घड्याळांची पाटी, ज्यावर चार संध्याकाळी घालवल्या होत्या, ते सगळे कायमचे पडद्याआड गेले. त्यामुळे या वेळी हात घालण्यापूर्वी विचारून घ्यावे असे ठरवले.

मी ऑगस्ट १९४० मधले विमान निवडले आहे. माझ्याकडच्या छायाचित्रात खांब स्पष्ट दिसतो, परंतु खांबापासून रडरपर्यंत (शेपटीच्या उभ्या, हलत्या भागापर्यंत) जाणारी तार आहे की नाही हे सांगता येत नाही. किटच्या माहितीपत्रकात ती दाखवली आहे. तेव्हा तार लावावी का, लावायची तर कशाची लावावी, पंखांच्या पुढच्या कडेवरची बंदुकांची लाल ठिगळे कशी करावीत, आणि वेदरिंग (वापराच्या, मळाच्या खुणा) किती करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कामाचा क्रम काय ठेवावा, हा माझा सर्वांत मोठा गोंधळ आहे.

जुना थिनर · रविवार, रात्री ११.५५

क्रमाची यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचे कारण समजून घेतले तर प्रत्येक मॉडेलला ती नव्याने विचारावी लागत नाही. वरचा थर ज्या द्रावकात कालवलेला आहे, त्या द्रावकाने खालचा थर हलता कामा नये, एवढाच त्यातला मुद्दा आहे. तुमच्याकडे ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश आहे. त्यावर एनॅमलचा किंवा तैलरंगाचा वॉश (रेषांत उतरणारा पातळ रंग) व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून निर्धास्त फिरवा, कारण व्हाइट स्पिरिट पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही आणि चुकले तर तासाभरानेही त्याच स्पिरिटने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसता येते. तेच काम लॅकर थिनरने करायला गेलात तर वॉश, वॉर्निश, डिकल आणि खालची रंगाची नक्षी असे सगळे एकाच पुसण्यात काडीवर येईल.

डिकल वाळले की आधी ओल्या फडक्याने त्यांच्याभोवतीचे डिंकाचे डाग पुसून घ्या. हे डाग चमकदार पृष्ठभागावर दिसत नाहीत आणि मॅट वॉर्निशखाली मात्र तपकिरी कडा होऊन उमटतात. मग डिकलवर ग्लॉसचा आणखी एक पातळ हात द्या, त्यावर वॉश आणि तैलरंगाचे काम करा, ते पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर मॅट वॉर्निश मारा. कॅनपीचा टेप मॅट वॉर्निशनंतरच काढायचा. दिव्यांची काच, पिटो नळी, खांब आणि तार या गोष्टी त्याच्याही नंतर येतात, कारण एअरब्रश हाती असेपर्यंत विमान उलटेसुलटे होतच राहते आणि बाहेर आलेला प्रत्येक अवयव मोडतोच.

हरिकेनच्या काचेबद्दल वाईट वाटले. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते घट्ट होत असताना त्याची वाफ निघते आणि ती जवळच्या पृष्ठभागावरच्या ओलाव्यावर, बोटांच्या ठशांवर, पांढऱ्या थराच्या रूपाने बसते. गुन्ह्याच्या तपासात वस्तूंवरचे ठसे उठवण्यासाठी हीच वाफ मुद्दाम वापरतात. तुमच्या कॅनपीने तुमचेच ठसे घेतले, असे समजा. काच बसवायला साधा पांढरा डिंक पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या ब्रशने निघून जातो. काच बसवण्यापूर्वी ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून झाकणाखाली उभी वाळवली तर तिची चकाकीही वाढते आणि वाफेपासून थोडे संरक्षणही मिळते.

चिमटेवाला · सोमवार, सकाळी ८.२०

तारेच्या प्रश्नासाठी तुम्ही नेमका वादग्रस्त महिना निवडला आहे.

सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये हाय फ्रिक्वेन्सीचा टीआर ९ जातीचा रेडिओ होता. त्याला लांब अँटेना लागे, म्हणून खांबाच्या टोकापासून रडरच्या माथ्यापर्यंत तार ताणलेली असे. पुढे टीआर ११३३ हा व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा) संच आला. त्याला तारेची गरज नव्हती, खांब हीच त्याची अँटेना होती. त्यामुळे तार गेली आणि खांब राहिला. हा बदल १९४० च्या उन्हाळ्यात स्क्वाड्रनगणिक पुढेमागे होत होता, म्हणून ऑगस्टमध्ये एका तळावर तारेची विमाने आणि दुसऱ्या तळावर बिनतारेची असे दृश्य असणे अगदी शक्य होते. माहितीपत्रक काढणाऱ्याने एक चित्र काढले आणि तेच सगळ्या डिकल पर्यायांना लावून टाकले, असे पुष्कळदा दिसते. त्या चित्राला पुरावा मानू नका.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात दुसऱ्याच तारा दिसू लागतात. शत्रू-मित्र ओळखण्याच्या आयएफएफ उपकरणाच्या या तारा विमानाच्या दोन्ही कुशींपासून शेपटीच्या आडव्या पंखांच्या टोकांपर्यंत जातात. बरेच जण खांबाची तार आणि या दोन तारा अशा तिन्ही एकाच विमानावर लावून मोकळे होतात. प्रत्येक तार खरी असली तरी त्या एकत्र किती काळ नांदल्या हे ज्याच्या त्याच्या विमानाच्या छायाचित्रावरूनच ठरवावे.

छायाचित्रात तार दिसत नसेल तर रडरचा माथा भिंगाखाली पाहा. तार नाहीशी झाली तरी ती बांधायची छोटी खुंटी काही वेळा दिसते, आणि तार असेल तर खांबाजवळ किंवा रडरजवळ तिचा इंचभर तुकडा आभाळाच्या पार्श्वभूमीवर पकडता येतो. दोन्ही नसेल तर मी तार लावणार नाही. नसलेली तार कोणी शोधत नाही, चुकीची तार मात्र चटकन डोळ्यांत भरते.

लावायचीच झाली तर जाडीचा हिशेब आधी करा. खरी तार दोन-तीन मिलिमीटर जाड धरली तरी १/४८ मध्ये ती ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ केसाएवढी. मासेमारीची नायलॉन दोरी या स्केलला दोरखंड वाटते. मी ताणलेला स्प्रू वापरतो. किटच्या चौकटीचा काडीएवढा तुकडा दोन्ही हातांत धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, सतत फिरवायचा. मधला भाग चमकू लागतो आणि आपल्याच वजनाने किंचित लोंबतो. त्या क्षणी तो ज्योतीवरून बाजूला घ्यायचा, मनात एक आकडा मोजायचा आणि मग ओढायचा. भरकन ओढला तर केस मिळतो, हळू ओढला तर सुतळी. पहिले पाच-सहा तुकडे फुकट जातील, जाऊ द्या. एक टोक खांबाला सुपरग्लूच्या सुईच्या अग्राएवढ्या थेंबाने चिकटवून पूर्ण वाळू द्या, मगच दुसरे रडरला. शेवटी पेटत्या उदबत्तीचे टोक तारेखाली बोटभर अंतरावरून एकदाच फिरवा, म्हणजे ढिली तार आपोआप ताठ होते. दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह झाला तर उदबत्ती विझवा.

गडद हिरवा · सोमवार, दुपारी १.०५

तारेची चर्चा वाचून मौज वाटली, परंतु तीन फुटांवरून पाहणाऱ्याला तार दिसत नाही, विमान वापरातले आहे की नाही हे दिसते. माझ्या मते ऑगस्ट १९४० चे विमान म्हणजे दिवसातून तीन-चार उड्डाणे केलेले, धुळीचे, रंग उडालेले विमान असले पाहिजे. स्पंजाच्या तुकड्याने पंखांच्या सगळ्या पुढच्या कडांवर, पॅनेलांच्या कोपऱ्यांवर आणि रडरच्या कडेवर चंदेरी रंगाचे ठिपके द्या, वरच्या रंगात पांढरा मिसळून पॅनेलांचे मध्य फिके करा आणि काळ्या वॉशने रेषा उठवा. या तीन गोष्टींनी मॉडेल जिवंत होते. वेदरिंगला घाबरून केलेली मॉडेल्स खेळण्यातली वाटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

निळाई · सोमवार, सायंकाळी ६.३०

गडद हिरवा, वापराच्या खुणा हव्यात हे मान्य आहे, पण तुम्ही सुचवलेल्या तिन्ही गोष्टींना या विमानावर माझा आक्षेप आहे आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

पहिले म्हणजे चंदेरी ठिपके. रंग उडाला की खालचे अंग दिसते, आणि ते अंग कशाचे आहे हे आधी पाहावे लागते. स्पिटफायरचे पंख आणि धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचे आहेत, परंतु रडर आणि एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखांचे हलते भाग) कापडाने मढवलेले आहेत, आणि मार्क १ वर एलेरॉनही (पंखांच्या टोकांकडचे हलते भाग) कापडाचेच होते. कापडावरून पत्र्याची चकाकी कशी बाहेर येईल? हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाचा आहे आणि मॉस्किटो विमान तर प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचे आहे. चंदेरी ठिपक्यांनी मढवलेले मॉस्किटो मी प्रदर्शनात पाहिलेले आहे आणि ते करणाऱ्याचा हात उत्तम होता, म्हणून अधिक हळहळ वाटली.

दुसरे, उन्हाने फिका पडलेला रंग. त्या उन्हाळ्यातल्या ब्रिटनच्या हवाई लढाईत कितीतरी लढाऊ विमानांचे आयुष्य काही आठवड्यांपुरतेच होते. रंग विटायला वेळ लागतो, मळायला लागत नाही. त्यामुळे अशा विमानावर ताजा रंग आणि त्यावर बुटांचा चिखल, तेल, धूर असा मेळ असतो. मळ आणि विटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच मापाने वाढवू नयेत.

आता मळ कुठे असतो ते पाहू. वैमानिक डाव्या बाजूच्या छोट्या दारातून आत शिरतो, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी पत्रा जास्त घासलेला असतो. यंत्रज्ञ मात्र दोन्ही बाजूंनी चढतात. पेट्रोलच्या टाकीचे तोंड वैमानिकाच्या समोरच्या काचेच्या पुढे आहे, तिथे सांडलेल्या पेट्रोलचा ओघळ खाली धावतो. आठही ब्राउनिंग बंदुका पंखांच्या आत आहेत आणि त्यांत गोळ्या भरायच्या तर पंखांवरची झाकणे काढावी लागतात, म्हणून त्या झाकणांच्या कडा आणि स्क्रूच्या जागा घासतात, शेजारची पॅनेले तशीच राहतात. इंजिनाखालून तेलाचा पातळ ओघळ मागे पोटाकडे जातो. एवढ्या चार-पाच जागी हात चालवला तर विमान वापरातले दिसते आणि प्रत्येक डागाचा जाब देता येतो.

धुराचा पट्टा हे माझे आवडते काम आहे. मार्क १ ला प्रत्येक बाजूला धुराड्याची तीन तोंडे असतात आणि प्रत्येक तोंड दोन सिलिंडरांचा धूर घेते. पुढच्या काळातल्या स्पिटफायरची सहा तोंडे पाहून घोटाळा करू नका. तोंडे भरीव असतील तर सुरीच्या टोकाने थोडी कोरून घ्या. धूर काळाच असतो हा समज सोडून द्यावा. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त असेल तर काजळी धरते, एरवी पेट्रोलमधल्या शिशाच्या संयुगांमुळे फिकट राखाडी-तपकिरी थर बसतो. मी आधी गडद तपकिरी रंग फार पातळ करून एअरब्रशने लांब आणि अरुंद पट्टा देते, मग त्याच्या गाभ्यात राखाडी-पिवळसर पेस्टल पूड मऊ ब्रशने चोळते. पट्टा वाऱ्याच्या दिशेने, पंखाच्या मुळावरून मागे जातो. सरळ आडवी रेघ ओढू नका. पूड मॅट वॉर्निशखाली निम्मी नाहीशी होते, म्हणून एकतर ती थोडी जास्त द्या किंवा वॉर्निशनंतर द्या आणि पुन्हा बोट लावू नका.

तैलरंगासाठी आणखी एक सूचना आहे. नळीतून काढलेला रंग थेट वापरू नये. पुठ्ठ्यावर बोराएवढा काढून तासभर ठेवावा, म्हणजे जादा तेल पुठ्ठ्यात उतरते आणि रंग लवकर आणि मॅट वाळतो. तरीही मॅट वॉर्निशपूर्वी दोन दिवस थांबा.

कागदीविमान · सोमवार, रात्री ११.१५

आपणा सर्वांचे आभार. चिमटेवाला यांनी सांगितल्याप्रमाणे छायाचित्र भिंगाखाली पाहिले. रडरच्या माथ्यावर खुंटीसारखे काहीतरी आहे, पण तार दोन्ही टोकांना दिसत नाही. आभाळ कोरे आहे, म्हणजे तार असती तर दिसायला हवी होती. तेव्हा तार रद्द.

आज एक नवी अडचण दिसली. उजव्या पंखावरच्या मोठ्या राऊंडेलच्या (गोल राष्ट्रचिन्हाच्या) एका भागात, डिकलखाली, चंदेरी झाक दिसते आहे. दिव्यासमोर तिरके धरले की तो भाग माशाच्या खवल्यासारखा चमकतो. ग्लॉस वॉर्निश दिलेले असूनही असे का झाले असावे? डिकल काढून टाकावे लागेल का?

जुना थिनर · मंगळवार, सकाळी ७.१०

काढू नका. डिकलखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकले की प्रकाश तिथून परततो आणि ती झाक दिसते. पृष्ठभाग खरखरीत असेल तर हे होतेच, आणि ग्लॉसचा हात एखाद्या ठिकाणी कोरडा बसला असेल तर चकाकीखालीही खरखर राहते. बोटाच्या टोकाने ती कळते, डोळ्याला कळत नाही.

अगदी बारीक सुईने चंदेरी भागात जवळजवळ दहा-पंधरा टोचे द्या, नवे पाते असेल तर पॅनेल रेषेवरून एक हलका छेदही द्या. त्यावर डिकल मऊ करणारे द्रावण ब्रशने लावा आणि हात बाजूला घ्या. डिकल सुरकुतेल, ते पाहून कितीही जीव घाबरला तरी स्पर्श करू नका, कारण त्या अवस्थेत ते ओल्या पापुद्र्यासारखे फाटते. वाळताना ते आपसूक सपाट होते आणि रेषांत उतरते. झाक उरली तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर यांपैकी जे हाताशी आहे ते चालेल, फक्त आधी एखाद्या टाकाऊ डिकलवर परीक्षा घ्या, कारण काही किटची डिकल्स या द्रावणांना फार लवकर शरण जातात.

चिमटेवाला · मंगळवार, सकाळी ९.४५

तार गेली, आता ठिगळांकडे वळू. बंदुकांच्या तोंडांवर कापडाचे तुकडे लाल डोपने (विमानाच्या कापडावर देतात त्या वॉर्निशने) चिकटवत. वर थंडीत बंदुका गोठू नयेत आणि आत ओलावा-धूळ जाऊ नये म्हणून ही सोय होती. पहिलीच फैर त्यांना फाडून बाहेर पडे. म्हणजे ठिगळे शाबूत असतील तर विमानाने त्या खेपेला बंदुका चालवलेल्या नाहीत, आणि ठिगळे फाटलेली असतील तर पंखाखाली, जिथून रिकामी काडतुसे बाहेर पडतात तिथून, मागे काजळीचे पट्टे आलेच पाहिजेत. निळाई यांनी जाब देता येण्याबद्दल लिहिले आहे, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. अखंड लाल ठिगळे आणि खाली ताजी काजळी अशी जोडी फार मॉडेलांवर दिसते. नवी ठिगळे लावली पण पोट पुसले नाही, असे समर्थन करता येईल, पण ते समर्थन मॉडेल करणाऱ्याला आधी सुचलेले असावे.

किटमधली लाल चौकोनी डिकल्स बहुधा फार भडक आणि काटेकोर असतात. कोऱ्या डिकल कागदावर किंचित तपकिरीकडे झुकणारा लाल रंग मारा, वाळल्यावर आठ तुकडे थोडे वेगवेगळ्या मापाचे कापा, आणि पंखाच्या कडेवर वरून खाली वळवून मऊ करणाऱ्या द्रावणाने बसवा. हाताने लावलेले कापड आहे, एखादे तिरके गेले तर जाऊ द्या. डिकल्सनंतरचा ग्लॉसचा हात अजून दिला नसेल तर ठिगळे त्याच्या आधीच लावून घ्या.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या झडपा) खाली सोडलेले दाखवू नका. स्पिटफायरचे फ्लॅप हवेच्या दाबावर चालत, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली अशा दोनच स्थिती त्यांना होत्या, आणि उतरल्यावर वैमानिक ते लगेच वर घेत. सुटे फ्लॅप किटमध्ये आहेत म्हणून उघडायचे, हा मोह आवरावा. एलिव्हेटर मात्र किंचित खाली झुकलेले शोभतात, कारण वैमानिकाने नियंत्रणाची दांडी मोकळी सोडली की ते लोंबतात. प्रोपेलरच्या पात्यांची पिवळी टोके खऱ्या विमानावर चार इंचांची असत, म्हणजे १/४८ मध्ये साधारण २.१ मिलिमीटर. किटच्या चित्रातली टोके पुष्कळदा दीडपट मोठी असतात. आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) काळा ठेवा. स्काय रंगाचा स्पिनर आणि धडाच्या मागचा स्काय पट्टा हा नोव्हेंबर १९४० च्या अखेरीचा आदेश आहे, ऑगस्टमध्ये तो कुठून येणार?

गडद हिरवा · मंगळवार, दुपारी २.५०

कापडाच्या रडरचा मुद्दा बिनशर्त मान्य. माझ्या कपाटातल्या एका हरिकेनचे तोंड मी भिंतीकडे केले आहे.

परंतु निळाई यांनी तीन आक्षेप सांगून दोनच मांडले. काळ्या वॉशबद्दल काहीच लिहिले नाही, तेव्हा तो मान्य आहे असे मी धरू का?

निळाई · मंगळवार, सायंकाळी ७.००

लिहायचे राहून गेले, मान्य होणार नव्हते. किटवरची रेषा अर्धा मिलिमीटरची धरली तरी १/४८ मध्ये ती खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरची फट होते, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यात बोट शिरेल. ती काळ्याने भरली की विमान फरशी बसवल्यासारखे दिसते. मी तपकिरी रंगात थोडा राखाडी मिसळते, पोटाच्या स्काय रंगावर त्याहून फिकट घेते, आणि स्थिर पत्र्यांच्या रेषा जवळजवळ पुसून टाकते. हलणाऱ्या भागांच्या, म्हणजे एलेरॉन, फ्लॅप, रडर यांच्या फटी मात्र गडद ठेवते, कारण तिथे खरोखरच सावली असते. पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचे उदाहरण पाहा. त्याच्या पंखांवरचे सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुटीने भरून घासत आणि त्यावर चंदेरी रंग देत, म्हणून उघड्या धातूचे धड आणि रंगवलेले गुळगुळीत पंख असे ते विमान होते. किटमध्ये त्या रेषा कोरलेल्या असतात, म्हणून आपण त्या वॉशने भरतो. तिथे तर वॉशऐवजी पुटीच हवी.

जुना थिनर · मंगळवार, रात्री १०.२०

वॉर्निशबद्दल शेवटचे लिहून मी थांबतो. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी पूड तळाशी बसलेली असते. बाटली नुसती हलवू नका, काडीने तळापासून ढवळा. कमी ढवळले तर चमक जात नाही आणि बाटलीच्या तळाचा गाळ एकदम आला तर विमानावर पिठी उडाल्यासारखी दिसते. पातळ हात द्या आणि दोन हातांच्या मध्ये थांबा. लॅकर जातीचे वॉर्निश असेल तर दमट हवेत मारू नका. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि सगळे विमान दुधाळ होते. तसे झालेच तर घाबरून खरवडू नका, कोरड्या दिवशी ग्लॉसचा एक हात द्या, दुधाळपणा बहुधा विरतो, मग पुन्हा मॅट.

कागदीविमान · पुढच्या रविवारी, रात्री ९.३०

आठवडाभराचा वृत्तांत देतो.

राऊंडेलची झाक दोन खेपांत गेली. ग्लॉसच्या हातापूर्वी आठ ठिगळे लावली, त्यांतली डाव्या पंखावरची दोन किंचित तिरकी आहेत आणि ती मुद्दाम केलेली नाहीत. ठिगळे शाबूत ठेवल्यामुळे पोटावर काजळी दिली नाही, फक्त इंजिनाखालचा तेलाचा ओघळ दिला. धुराच्या पट्ट्यासाठी निळाई यांची पद्धत वापरली. पहिला पट्टा फार सरळ आला म्हणून व्हाइट स्पिरिटने पुसायला गेलो आणि पुसला गेला नाही, कारण तो ॲक्रिलिक रंगाने दिला होता. थिनरकाकांचा पहिला परिच्छेद मला तेव्हा आठवला. शेवटी त्यावर तैलरंगाचा पातळ हात देऊन कडा मोडल्या. आता उजवी बाजू डावीपेक्षा मळकी आहे.

मॅट वॉर्निश शुक्रवारी दिले, दुधाळ झाले नाही. काल कॅनपीचा टेप काढला. मागच्या चौकटीजवळ टेपबरोबर रंगाची नखाएवढी खपली आली. सुरीने टेपच्या कडेला आधी छेद द्यायला हवा होता हे खपली हातात आल्यावर कळले. तिथे ब्रशने डाग भरला आहे, दिव्यासमोर धरला तर दिसतो. पंखाच्या टोकांवरचे दिवे डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा असे, खाली चंदेरी ठिपका देऊन वर पारदर्शक रंगाने केले. सरकती काच पांढऱ्या डिंकाने मागे सरकवून बसवली आणि आतले सगळे दिसते आहे.

डाव्या पंखाखालची पिटो नळी मात्र आज संध्याकाळी शर्टाच्या बाहीत अडकून गेली. अर्धा तास फरशीवर गुडघ्यांवर शोधली, सापडली नाही. आता पितळेच्या दोन नळ्या एकात एक बसवून नवी करतो आहे. एवढ्या बारीक नळीला कापताना तोंड चेपते, ते कसे टाळावे?

चिमटेवाला · पुढच्या रविवारी, रात्री १०.०५

कापू नका. सपाट फळीवर नळी ठेवून पात्याखाली बोटाने पुढे-मागे लोळवा, सगळीकडून सारखी खाच पडेल. मग दोन चिमट्यांनी खाचेपाशी हलकेच वाकवा, ती तिथेच तुटते. तोंड थोडे चेपलेच तर शिवणाची सुई आत घालून फिरवा. आणि बाही दुमडून बसा.